परग्रहावरचा जीव कसा कल्पावा? आधी घर, मग पोट, शरीर सगळ्यात शेवटी

परग्रहावरच्या जीवाचं चित्र काढायला सांगितलं की बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतात. मोठे काळे डोळे, त्याहून मोठं डोकं, खाली काड्यांसारखे हातपाय. विज्ञान मंडळातली मुलं असोत की कथा लिहू पाहणारे मोठे, क्रम हाच. मला हा क्रम उलटा करायचा आहे. जीव दिसतो कसा, हा प्रश्न शेवटचा. तो राहतो कुठे आणि खातो काय, हे दोन प्रश्न मन लावून सोडवले की शरीराचा बराचसा भाग त्यातूनच पुढे येतो आणि तो ओढूनताणून काढलेल्या चित्रापेक्षा कितीतरी विलक्षण निघतो.

हा लेख खगोलजीवशास्त्राचं, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या संभाव्य जीवांच्या अभ्यासाचं, एकही पुस्तक न उघडलेल्यांसाठी आहे. वही, तीन रंगांची पेनं आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं सामान पुरे. उदाहरण म्हणून गुरूचा चंद्र युरोपा घेऊ आणि तिथला एक जीव सुरुवातीपासून घडवू.

पेनं तीन का, ते आधी सांगतो. जे मोजलेलं किंवा पाहिलेलं आहे ते निळ्याने लिहायचं. जे शक्य वाटतं पण अजून सिद्ध नाही ते हिरव्याने. जी निव्वळ तुमची कल्पना आहे ती लाल पेनाने. ही शिस्त पहिल्या पानापासून पाळा. चार-पाच पानं झाली की कुठलं वाक्य कशावर उभं आहे हे आठवेनासं होतं, तेव्हा रंगच उपयोगी पडतात.

पायरी १: एकच जग निवडा

"दूरचा एक अज्ञात ग्रह" असं मोघम ठेवू नका. सूर्यमालेबाहेरचे ६,००० हून जास्त ग्रह आता नक्की झाले आहेत, पण त्यातल्या बहुतेकांचा आकार, वस्तुमान आणि वर्षाची लांबी यापलीकडे फारसं हाती नाही. शिकण्यासाठी आपल्याच सूर्यमालेतलं जग घ्यावं, कारण तिथे निळ्या पेनाला काम मिळतं.

युरोपाचं पान असं सुरू होईल. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे जे चार मोठे चंद्र पाहिले त्यातला हा एक. व्यास सुमारे ३,१२० किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षा किंचित लहान. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण १३ टक्के. विषुववृत्तावरही पृष्ठभागाचं तापमान उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास. गुरूभोवती एक फेरी साडेतीन दिवसांत, नेमकं सांगायचं तर ८५ तासांत.

आता पाण्याविषयी. युरोपाचा पृष्ठभाग बर्फाचा आहे आणि बर्फाखाली खारट समुद्र असल्याचा भक्कम पुरावा गॅलिलिओ नावाच्याच यानाने १९९० च्या दशकात दिला. गुरूचं चुंबकीय क्षेत्र युरोपावरून सतत बदलत फिरतं आणि त्याला प्रतिसाद म्हणून युरोपातही क्षुल्लकसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. असं व्हायला आत वीजवाहक थर लागतो. खारं पाणी तिथे चपखल बसतं. बर्फाची जाडी १५ ते २५ किलोमीटर आणि समुद्राची खोली ६० ते १५० किलोमीटर असावी असे अंदाज आहेत. अंदाज म्हटल्यावर पेन हिरवं. हिशेबासाठी आपण बर्फ २० किलोमीटर आणि पाणी ८० किलोमीटर धरू.

सूर्यापासून इतक्या लांब पाणी गोठत कसं नाही? युरोपाची एक फेरी होते तेवढ्या वेळात शेजारच्या आयोच्या दोन होतात आणि गॅनिमीडची अर्धी. या तालामुळे युरोपाची कक्षा पूर्ण गोल होतच नाही. गुरूची ओढ कधी वाढते, कधी कमी होते, आख्खा चंद्र ताणला आणि सोडला जातो आणि या घुसळणीतून आत उष्णता निर्माण होते.

पायरी २: द्रावक आणि मूळ रसायन

इथे जास्त वेळ घालवू नका. द्रावक म्हणजे ज्यात जीवाची रसायनं विरघळतात तो द्रव. पाणी आहे, म्हणून द्रावक पाणी. जीवांचा सांगाडा कार्बनचा. जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ मध्ये युरोपाच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइड एका विशिष्ट भागात एकवटलेला दिसला आणि तो कार्बन आतल्या समुद्रातूनच वर आला असावा, असं संशोधकांचं मत आहे.

नवख्यांना सिलिकॉनच्या जीवांचा मोह फार होतो. सिलिकॉनही कार्बनसारखाच चार बंध करतो हे खरं. पण कार्बन ऑक्सिजनशी जोडला गेला की वायू होतो, पाण्यात विरघळतो, इकडून तिकडे जाऊ शकतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी जोडला की वाळू होते. ज्या जीवाच्या प्रत्येक उच्छ्वासात वाळू तयार होणार, त्याची पुढची सगळी गणितं अवघड होतात. पहिल्याच प्रयत्नात तिकडे जाऊ नका.

पायरी ३: पोट

माझ्या मते सगळं खगोलजीवशास्त्र या पायरीवर उभं आहे. इथे घाई करू नका, दोन संध्याकाळ गेल्या तरी चालतील.

युरोपाच्या समुद्रात सूर्यप्रकाश पोहोचत नाही. मग ऊर्जा कुठून? इथे हमखास दिलं जाणारं उत्तर १९७७ मधल्या शोधातून आलं. गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, आल्विन या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीने राहणारे प्राणी सापडले. तिथल्या नळीकृमींना तोंड नसतं, आतडं नसतं. दोन मीटरपर्यंत लांब होणाऱ्या या प्राण्याच्या पोटाच्या जागी कोट्यवधी जिवाणू भरलेले असतात. नळीच्या टोकाला लालभडक पिसारा असतो. तो लाल आहे हिमोग्लोबिनमुळे. तो पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन दोन्ही उचलतो, आत पोचवतो आणि जिवाणू त्यांच्या अभिक्रियेतून मिळालेल्या ऊर्जेवर अन्न बनवतात.

हे वाचून लोक म्हणतात, बघा, सूर्याशिवाय जीवसृष्टी! थांबा. ऑक्सिजन कुठून आला? तो समुद्राच्या वरच्या थरातल्या वनस्पतींनी आणि सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशात तयार केलेला, पाण्याबरोबर खाली उतरलेला. नळीकृमीने सूर्य कधी पाहिलेला नाही, तरी त्याच्या जेवणाचा अर्धा भाग सूर्याचाच आहे. नुसते गरम झरे उचलून युरोपाच्या तळाशी नेऊन ठेवले तर मोठे प्राणी त्यावर जगतीलच असं नाही.

म्हणून वहीत दोन रकाने आखा. एकीकडे इलेक्ट्रॉन देणारे पदार्थ, दुसरीकडे घेणारे. ही देवाणघेवाण झाली की ऊर्जा सुटते; नळीकृमीच्या ताटात हायड्रोजन सल्फाइड देणारा आणि ऑक्सिजन घेणारा. जीवाला दोन्ही लागतात.

देणारा मिळवणं युरोपावर फार कठीण नाही. लोहयुक्त खडक आणि पाणी यांची अभिक्रिया झाली की हायड्रोजन सुटतो. पृथ्वीवर अटलांटिकच्या तळाशी २००० साली सापडलेल्या 'लॉस्ट सिटी' या झऱ्यांमध्ये हेच घडतं आणि तिथले सूक्ष्मजीव त्या हायड्रोजनवर जगतात. युरोपाचा समुद्र तळाच्या खडकाला टेकलेला असावा असं मानलं जातं. पेन हिरवं.

घेणारा मात्र छतावरून, म्हणजे समुद्रावरच्या बर्फातून येतो. गुरूच्या भोवतालचे वेगवान कण युरोपाच्या बर्फावर अखंड आदळतात आणि पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. गुरूभोवती फिरणाऱ्या ज्यूनो यानाच्या मोजणीवरून २०२४ मध्ये काढलेला आकडा दिवसाला सुमारे १,००० टन ऑक्सिजनचा आहे. हा आधीच्या बऱ्याच अंदाजांपेक्षा कमी आहे. शिवाय तो सगळा खाली उतरत नाही. बर्फाचा थर किती वेळात उलथापालथ होतो त्यावर समुद्रात काय पोचणार ते ठरेल.

जे कण पृष्ठभागावर कुठल्याही जीवाला टिकू देणार नाहीत, तेच बर्फाखालच्यांसाठी अन्न तयार करत असतील, ही गोष्ट मला युरोपाविषयी सगळ्यात जास्त भावते.

यातून दोन वस्त्यांची शक्यता दिसते. एक तळाशी, जिथे हायड्रोजन सुटतो. दुसरी छताशी, जिथे ऑक्सिजन उतरतो. बहुतेक जण तळ निवडतात. मी छत निवडतो.

ऊर्जेचा आणखी एक नियम इथेच लिहून ठेवा. अन्नसाखळीच्या प्रत्येक टप्प्यावर ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे जातो. छतावर १,००० किलो सूक्ष्मजीवांचा थर वाढला तर तो चरणारे १०० किलो, त्यांना खाणारे १० किलो. ऑक्सिजन आधीच बेताचा. तेव्हा देवमाशाएवढा शिकारी हवा असेल तर त्याचं जेवण कुठून येणार हे आधी दाखवा. हिशेब न जुळल्यास शिकारी छोटा करा किंवा त्याला महिनोन्महिने निपचित पडून राहायला शिकवा.

सूक्ष्मजीव किती थोडक्यात भागवतात हे बघायचं असेल तर पृथ्वीच्या पोटात डोकवा. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर एक जिवाणू सापडला. खडकातल्या किरणोत्सारामुळे पाणी फुटून जो हायड्रोजन सुटतो त्यावर तो जगतो. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी घेतलेल्या खोल विंधनविवरांमधूनही दख्खनच्या बेसाल्टमधले आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमधले सूक्ष्मजीव तपासले गेले आहेत. आणि प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल अशी जागा हवी असेल तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आहेच. बेसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आतलं पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि मिठात वाढणाऱ्या आर्किया सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. आपल्याला जे पाणी तोंडात धरवणार नाही, ते कुणाचं तरी माहेर असतं.

पायरी ४: आकडेमोड करून भीती घालवा

"८० किलोमीटर खोल समुद्र म्हणजे दाबाने चुरा होईल" असं वाटतं ना? करून बघा.

पृथ्वीवर दर १० मीटर पाण्यामागे दाब एका वातावरणाने वाढतो. युरोपाचं गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथे त्याच वाढीला सुमारे ७७ मीटर पाणी लागतं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, त्याला साधारण ८४ मीटर धरा. २० किलोमीटर बर्फाला ८४ ने भागलं की छताशी दाब येतो सुमारे २४० वातावरणं. पृथ्वीच्या समुद्रात २,४०० मीटरवर एवढाच दाब असतो आणि तिथे मासे आरामात फिरतात. आता ८० किलोमीटर पाण्याला ७७ ने भागा, १,०४० च्या आसपास येतील. दोन्ही मिळून तळाशी १,२८०. मारियाना गर्तेच्या तळाशी जवळपास १,१०० असतो आणि तिथेही जीव आहेत.

या दोन भागाकारांनी छत आणि तळ दोन्ही वस्तीला खुले केले. मात्र खोल पाण्यात दाब हाडांना नव्हे, रेणूंना त्रास देतो. प्रथिनांचे आकार बिघडतात. खोल पाण्यातले मासे ते सावरण्यासाठी शरीरात एक विशिष्ट रसायन साठवतात. आजवर कॅमेऱ्यात टिपलेला सर्वांत खोलवरचा मासा ८,३३६ मीटरवर होता. त्याहून फार खाली मासे बहुधा जाऊ शकत नसावेत, कारण ते रसायन आणखी वाढवलं तर शरीरातला क्षारांचा तोल जातो. तळाचा जीव घडवणाऱ्यांनी यावर लाल पेनाने तोड सुचवावी. आपल्या छताच्या जीवाला ही अडचण नाही.

पायरी ५: "हे किती वेळा घडलं?"

शरीराचा कुठलाही अवयव देण्याआधी हा प्रश्न विचारा: पृथ्वीवर ही गोष्ट वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे किती वेळा घडली?

उडणं चार वेळा घडलं: कीटक, टेरोसॉर, पक्षी, वटवाघळं. पाण्यात वेगाने जाणारं निमुळतं शरीर शार्कला मिळालं, इक्थिओसॉर या सरीसृपांना मिळालं आणि डॉल्फिनलाही. प्रतिध्वनीवरून वाट काढणं वटवाघळांना जमलं आणि डॉल्फिनला वेगळं जमलं. आपल्या गंगेतल्या डॉल्फिनची नजर जवळपास गेलेलीच आहे, गढूळ पाण्यात ती आवाजावरच शिकार करते. विजेच्या लहरी सोडून भोवताल ओळखणारे मासे आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले. अशा गोष्टी परक्या जगातही घडतील असं मानायला आधार आहे. त्या बिनधास्त घ्या.

उलट, पाच बोटं. जमिनीवर येऊ घातलेल्या पहिल्या चतुष्पादांपैकी अकँथोस्टेगाच्या पायाला आठ बोटं होती. पुढे पाचांची चाल पडली आणि आपण ती वारशाने घेतली. तोंडाच्या वर नाक, दोन हात, दोन पाय हे सगळं असंच एका वंशाचं घरगुती वळण आहे. परग्रहावरच्या जीवात यातलं काही दिसलं तर खोडून टाका.

पायरी ६: आता शरीर

छताचा जीव घडवताना मदतीला एक खरा प्राणी आहे. अंटार्क्टिकात रॉस हिमफळीला, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराला, भोक पाडून २०१० मध्ये खाली यंत्रमानव सोडला, तेव्हा हिमफळीच्या खालच्या बाजूला समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन हे प्राणी) उलटी लटकलेली दिसली. एडवर्डसिएला अँड्रिली असं त्यांचं नाव. शरीर बर्फात रोवलेलं, स्पर्शिका खाली पाण्यात सोडलेल्या. अशी हजारो.

तर आपल्या जीवाचं पान. तो पाण्यापेक्षा किंचित हलका आहे, त्यामुळे वर तरंगून छताला टेकतो. त्याच्यासाठी आधार वर आहे आणि खोल दरी खाली. बर्फ एका जागी वाढतो, दुसरीकडे वितळतो, म्हणून त्याला हळूहळू सरकता आलं पाहिजे. त्याला पाय देण्यापेक्षा शरीराची कड आत-बाहेर करत सरकणं सोपं. अंगात गोठणरोधक प्रथिनं हवीतच. हाही अनेकदा घडलेला प्रकार आहे: अंटार्क्टिकातल्या माशांनी आणि उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांनी जवळजवळ सारखंच गोठणरोधक प्रथिन स्वतंत्रपणे मिळवलं.

फुप्फुसं नकोत, हवेची पिशवीही नको; दाब बदलला की पोकळीच पहिली दगा देते. तरंगायला तेल किंवा चरबी बरी. बर्फातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनसाठी वरच्या बाजूला कल्ल्यांचा मखमली थर, आणि त्या थरातच राहणारे सूक्ष्मजीव, नळीकृमीसारखे. ऑक्सिजन वरून घ्यायचा, हायड्रोजन किंवा मिथेनसाठी खाली लांब दोर सोडायचे. हा दोरांचा भाग संपूर्ण लाल पेनाचा आहे, हे मान्य.

डोळे? अंधारात काय करायचेत, असं वाटेल. पण अटलांटिकमधल्या गरम झऱ्यांवर रिमिकारिस नावाची कोळंबी आहे. तिच्या डोक्यावर नेहमीचे डोळे नाहीत. पाठीवर प्रकाशसंवेदी पेशींचा एक पट्टा आहे. तप्त झऱ्यातून येणारा अत्यंत मंद प्रकाश त्या पट्ट्याला जाणवतो असं मानलं जातं. म्हणजे तळाच्या जीवाला पाठीचा डोळा देता येईल. छताच्या जीवाला मात्र दिसण्यासारखं काहीच नाही. त्याला ऐकू द्या. भरतीच्या ताणाने बर्फ तडकत असणार आणि पाण्यात आवाज फार लांब जातो. सोबत विजेची जाणीव द्या, खाऱ्या पाण्यात ती कमी अंतरावर चालते.

आणि पिल्लं. हा भाग बहुतेक जण विसरतात. पूर्व पॅसिफिकच्या तळाशी १९९१ मध्ये उद्रेक होऊन झऱ्यांवरची वस्ती लाव्ह्याखाली गेली. दोन वर्षांच्या आत तिथे दीड मीटर लांबीचे नळीकृमी पुन्हा उभे होते. कारण त्यांच्या अळ्या सुमारे ३८ दिवस न खाता प्रवाहाबरोबर वाहत जाऊ शकतात. ज्याचं घर टिकाऊ नाही त्याला प्रवासी पिल्लं हवीत. आपल्या जीवाचं छतही कायमचं नाही, तेव्हा पिल्लू कसं वाहतं, किती दिवस टिकतं, बर्फाला कसं चिकटतं हे अर्धं पान तरी लिहा.

बुद्धी द्यायची असेल तर

हरकत नाही, पण परिणामही मांडा. पाण्याखाली आग नाही, म्हणून भट्टी नाही, धातूकाम नाही. दिवस-रात्र नाही, पण ८५ तासांनी फिरून येणारा ताण आणि बर्फाचा आवाज आहे. काळ मोजण्याचं एकक तेच. वर २० किलोमीटर बर्फ. तारे त्यांना माहीत नाहीत. त्यांचं विश्व म्हणजे दोन भिंतींमधलं पाणी. अशा जीवांनी "छताच्या पलीकडे काय?" हा प्रश्न पहिल्यांदा कसा विचारला असेल, यावर कुणी मराठीत कथा लिहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पायरी ७: तुमचा जीव कशाने खोटा ठरेल?

शेवटच्या पानावर हे लिहाच. नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालं आहे आणि एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. युरोपाजवळून ते ४९ वेळा जाणार आहे, काही वेळा २५ किलोमीटर इतक्या जवळून. जीव शोधणं हे त्याचं काम नाही. तिथे जीव राहू शकतो का, हे ते तपासणार आहे. त्यावर बर्फाच्या आत डोकावणारं रडार आहे, उडालेले कण आणि वायू ओळखणारी उपकरणं आहेत. तेव्हा वहीत लिहा: बर्फ फारच जाड आणि स्तब्ध निघाला, वरचा माल खाली उतरतच नसला, तर माझा छताचा जीव उपाशी मरतो. समुद्रात हायड्रोजन देणारं रसायन नसलं तरी मरतो.

याच निमित्ताने बातम्या वाचायची सवयही लावून घ्या. "जीवसृष्टीचा पुरावा सापडला" अशी बातमी आली की तीन गोष्टी पाहा: संकेत खरंच मोजला गेला का, तो जीवाविना तयार होऊ शकतो का, आणि दुसऱ्या गटाला तो दिसला का. २०२० मध्ये शुक्रावरच्या फॉस्फिनचा आणि २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरच्या के२-१८बी ग्रहावरच्या डायमिथाइल सल्फाइडचा गाजावाजा झाला; पृथ्वीवर हे दोन्ही वायू जीवांशी जोडले जातात. दोन्हींवर वाद सुरू राहिले आहेत.

युरोपाची वही भरली की पुढचं जग म्हणून शनीचा चंद्र टायटन घ्या. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान तिथे उतरलं, त्यामुळे निळं पेन तिथेही चालेल. पहिली ओळ मी देतो: तापमान उणे १७९ अंश, तळ्यांमध्ये द्रवरूप मिथेन, हवा पृथ्वीपेक्षा दाट आणि ओढ आपल्या चंद्राहूनही कमी. पायरी दोन तिथे दोन वाक्यांत उरकणार नाही.